दुसऱ्या माणसाची बाजू

अक्का,

परवा तुमच्या शोकसभेत मी बोलायला उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात माती खाल्ली. "अक्कांना संतवाङ्मयाची विशेष गोडी होती," असं मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. समोर हार घातलेला तुमचा फोटो, उदबत्ती, माइकची शिट्टी, गंभीर चेहरे. अशा वातावरणात माझ्यासारख्याच्या जिभेवर संतच येतात. वाचनालयाच्या त्या लांबट खोलीत मागच्या रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं. बर्वेकाकू, दुसरं कोण! तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं पुस्तकं बदलायला येणाऱ्या. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, कुठले संत? सगळे मेलेले प्रियकर होते!"

मग अख्खी सभा हसली. लोक डोळे पुसत होते आणि हसत होते, आणि मी माइकची वायर हातात धरून उभा. वीणा पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही. तिने माझ्याकडे फक्त पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोने असं पाहिलं की माणसाने भाषण आवरतं घ्यावं. मी घेतलं.

म्हणून दुरुस्ती इथे, वाचनालयाच्या अंकात, करतो. तुम्ही भुतांच्या प्रेमकथा वाचत होता. मेलेला नवरा परत येतो, यक्षिणी फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागते, तोडलेल्या पिंपळावरचा मुंजा त्याच जागी उठलेल्या बिल्डिंगच्या जिन्यात मुक्कामाला येतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या प्रेमात पडतो. असल्या पुस्तकांचं आमच्याकडे एक वेगळं कपाट होतं, दाराच्या मागे. दार उघडं असलं की ते दिसायचं नाही. डोंबिवलीचे प्रतिष्ठित सभासद आधी वैचारिक पुस्तकांपाशी उभे राहून घसा खाकरायचे आणि मग सहज हात लागल्यासारखं दार ढकलायचे. तुम्ही यायचात, सरळ दार लावून घ्यायचात आणि विचारायचात, "नवीन भूत आलंय का?"

वाचनालय माझ्या मामाचं. मी दिवसा ठाण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून आणि संध्याकाळी इथे काउंटरवर. लग्नाचं वय आलेलं, आणि मग माझ्याकडे न बघता पुढे निघून गेलेलं. तुम्ही कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तुमच्या मागे एक पाऊल सोडून वीणा उभी असायची. तुमची भावजय. तुमचा धाकटा भाऊ सुधीर काविळीने गेला होता, लग्नाचं नवेपण अजून उतरायचं होतं तेव्हाच. आईवडील लवकर गेल्यामुळे त्याला तुम्हीच वाढवलेलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलेलं. तो गेल्यावर तुम्ही दोघी ठाकुर्लीच्या त्याच दोन खोल्यांत राहत होता. हे सगळं मला बर्वेकाकूंनी पहिल्याच आठवड्यात, मी काहीही न विचारता, सांगून टाकलेलं.

तुमची मतं मात्र मला तुमच्याकडूनच ऐकायला मिळाली, आणि ती ऐकायला मिळावीत म्हणून मी नवी पुस्तकं काउंटरखाली दडवून ठेवायला लागलो. भुताला पत्ता हवा, हे तुमचं पहिलं मत. माळरानावरचा बंगला, झुंबर, घोडागाडी असलं दिसलं की तुम्ही पुस्तक तिथेच मिटायचात. "झुंबरं लटकत असली की कुणालाही भूत आणता येतं. वन-रूम-किचनमध्ये आणून दाखवा. सार्वजनिक नळावर रांग लागलेली असताना दाखवा." जिन्यातला मुंजा म्हणूनच तुम्हाला पटला होता. "पिंपळ पाडल्यावर तो जाणार कुठे? जिन्यातच येणार. हे पुस्तक खरं आहे," तुम्ही म्हणालात. त्या वर्षी तुमच्या घरामागचीच आमराई तोडून तिथे चार मजली इमारत उभी राहत होती.

एका कादंबरीत मेलेला नायक परगावाहून प्रेयसीला फोन करतो. ती तुम्ही अशी आणून आपटलीत की शाईची दौत हलली. "गेल्या गेल्या याला लाइन मिळते? इथे जिवंत माणूस नाशिकला बोलायचं म्हणून सकाळपासून ताटकळतो. निदान अर्जंट कॉल तरी बुक करायचा!" आणि प्रियकरांबद्दल: "जिवंत होता तेव्हा दूध आणायला उठत नव्हता. आता मेल्यावर बघा, रोज गुलाब!" वीणा त्या वेळी पहिल्यांदा हसली. मी तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला, तोही हसण्याचा. नंतर मी दोन वेळा चुकीचं पुस्तक चुकीच्या सभासदाला दिलं.

तुम्हाला आठवतंय का, जुन्या सभासदांची एक पद्धत होती. पुस्तक आपण आधी वाचलंय की नाही हे कळावं म्हणून ठरावीक पानावर बारीकशी खूण करून ठेवायची. कुणाची फुली, कुणाचं टिंब. तुमची खूण मी शोधून काढली होती. या कादंबऱ्यांत एक दुसरा माणूस असतो. पहिला, म्हणजे मेलेला, देखणा असतो. तो पडद्याआडून येतो आणि त्याला खूप बोलता येतं. दुसरा जिवंत असतो, त्याला चष्मा असतो, बहुधा सर्दी असते, तो नोकरीत कायम झालेला असतो आणि नायिकेला वेळेवर घरी पोचवतो. हा दुसरा माणूस कथेत जिथे पहिल्यांदा शिरतो त्या पानाच्या समासात तुम्ही पेन्सिलीने एकच शब्द लिहायचात: "आला."

मला चष्मा होता. सर्दी तर मला अजून आहे.

एकदा धीर करून मी म्हटलं, "अक्का, या दुसऱ्या माणसावर सगळे लेखक अन्याय करतात. त्याची बाजू कुणी मांडतच नाही."

तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत. चष्म्याकडे, मग माझ्या रुमालाकडे. मग मागे वळून वीणाकडे. ती कपाटातल्या एका पुस्तकाची शिवण फार मन लावून तपासत होती.

"मांडा की," तुम्ही म्हणालात. "रविवारी चहाला या."

ठाकुर्लीचा तो चहा मी कधी विसरणार नाही, कारण तो मला मिळालाच नाही. बाहेरच्या खोलीत मी लोखंडी खुर्चीवर, तुम्ही कॉटवर आणि मधल्या भिंतीवर सुधीर. फोटोतही हसरा. चांगला दिसायचा हो तुमचा भाऊ. मी मुद्दाम खुर्ची जराशी वळवून बसलो, तर आरशात दिसायला लागला. आत वीणा स्टोव्हला पंप मारत होती.

आपण बोलत होतो त्या आठवड्याच्या कादंबरीबद्दल. नवरा अपघातात जातो, परत येतो, बायकोबरोबर राहू लागतो. मग ऑफिसातला एक सज्जन तिला मागणी घालतो. शेवटी भूत निरोप घेऊन खिडकीतून धुक्यात विरघळतं. तुम्ही संतापला होता.

"घालवायचंच होतं तर आणलं कशाला? हे काय, पाहुणा आहे? आला, जेवला, गेला? जो परत येण्याइतका जीव लावतो त्याला कुणी खिडकीतून घालवतं?"

"पण अक्का, तिने जगायचं कधी?"

"मग आतापर्यंत काय करत होती?"

"वाट बघत होती."

"कुणाची? त्या ऑफिसातल्या?"

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला होता. पंप नाही, भांडं नाही, बांगडी नाही. आपल्या दोघांनाही ते कळलं, आणि तरी आपण कादंबरीबद्दलच बोलत राहिलो. मी तेव्हा एक भाषण केलं. म्हणालो, की भूत खरोखर प्रेम करत असेल तर ते स्वतःहून जाईल. कुणी घालवायची गरज नाही. तिचं भलं कशात आहे ते त्याला दिसेल, आणि त्याला बरंच वाटेल. मला ते वाक्य फार आवडलं. बोलताना माझे हातसुद्धा हलत होते.

तुम्ही भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलंत. मग कादंबरी बाजूला ठेवून म्हणालात, "वीणा तुम्हाला हो म्हणेल. मला माहीत आहे. मी आड येणार नाही. पण सुधीर तिच्याबरोबर येईल. हा फोटो तुमच्या बाहेरच्या खोलीत लागेल. कपाटात नाही, ट्रंकेत नाही. भिंतीवर. कबूल असेल तर आईवडिलांशी बोलायला मी येते."

मी लगेच कबूल म्हणून मोकळा झालो. मला वाटलं, एक खिळा तर ठोकायचा.

तुम्ही दोघी आमच्याकडे आलात त्या दिवशी आईने पोहे केले होते. माझी आई बिजवराला दिलेली, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. बाबांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. तिचा चांदीचा टाक, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती उमटवलेली, आईच्या गळ्यात मंगळसूत्राला लागून असायचा. गेलेल्या सवतीने रागावू नये म्हणून दुसरीने तो घालायचा, अशी आमच्या घराण्यातली पद्धत. मी तो जन्मापासून पाहत आलेलो, त्यामुळे मला तो कधी दिसलाच नव्हता. तुम्हाला दारातच दिसला.

आई गोड बोलली. मुलगी आवडली, तिच्या नशिबात झालं त्यात तिचा काय दोष, वगैरे. मग म्हणाली, "पण फोटोचं काढू नका. माझ्या मुलाच्या संसारात भिंतीवर दुसरा पुरुष? सकाळ-संध्याकाळ वरून बघणार?"

"बघेना का. त्याची नजर वाईट नव्हती," तुम्ही म्हणालात. "आणि तुमच्या गळ्यात काय आहे?"

आईचा हात आपोआप वर गेला. "हे वेगळं."

"कसं वेगळं?"

"ही घरची रीत आहे. गेलेल्या बाईचा जीव अडकलेला असतो. तिला मान दिला की शांत राहते."

"आणि गेलेल्या पुरुषाचा?"

"पुरुषाचं तसं नसतं."

"का हो? पुरुष मेल्यावर एकदम समजूतदार होतो?"

मला हसू आलं, ते मी खोकल्यात बुडवलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांच्याच पहिल्या बायकोबद्दल चाललं होतं. पेपर जरासा हलला, पण खाली आला नाही.

मग आई जे बोलली ते मी तोपर्यंत कधीच ऐकलं नव्हतं. टाक चिमटीत धरून, आवाज अजिबात न चढवता बोलली. "मी हिला पाहिलेलीसुद्धा नाही. लग्नात मंगळसूत्राबरोबर गळ्यात पडली. सणाला आधी हिला हळदकुंकू, मग मला. नवी साडी आणली की आधी हिच्यापुढे ठेवायची, मग नेसायची. आजवर एकही साडी पहिल्यांदा माझी नव्हती. तुम्हाला वाटतं मी हौसेने घातलाय हा? माझ्या मुलाच्या वाट्याला मी हे येऊ देणार नाही. माझं झालं तेवढं पुरे."

पोह्यांवरचं खोबरं वाळत होतं. तुम्ही, अक्का, हातातली बशी तशीच खाली ठेवलीत. आई बरोबर होती आणि तुम्हीही बरोबर होता, आणि मी पोह्यांतली मिरची बाजूला काढत होतो. शेवटी वीणा उठली. "आम्ही निघतो," म्हणाली, वाकून आईच्या पाया पडली आणि माझ्याकडे न बघता चपला घालू लागली.

त्यानंतर तुम्ही वाचनालयात येणं थांबवलंत. मी तुमच्यासाठी बाजूला ठेवलेली भुतं काउंटरखाली साचत गेली. बर्वेकाकू रोज विचारायच्या, "काय म्हणतायत ठाकुर्लीकर?" आणि मी म्हणायचो, "अक्कांची ड्यूटी बदलली असेल." घरी आई विषय काढत नव्हती आणि बाबा पेपरातून बाहेर येत नव्हते. एका संध्याकाळी मी ठाकुर्लीला तुमच्या जिन्याखालपर्यंत जाऊन परत आलो. वर दिवा होता. वर जाऊन काय सांगणार होतो? फोटो लावतो म्हटलं तर आईला काय तोंड दाखवू, आणि लावत नाही म्हटलं तर वीणा त्या दोन खोल्यांतच म्हातारी होणार. दुसऱ्या माणसाची बाजू मांडायला निघालेला मी, मला स्वतःलाच ती सापडत नव्हती.

मग एक दिवस तुम्ही आलात. एकट्या. सवयीने दार लावून घेतलंत, पण कपाटाकडे बघितलं नाहीत. काउंटरवर पर्स ठेवलीत आणि म्हणालात, "रजिस्ट्रारकडे नोटीस द्या. साक्षीदार म्हणून मी सही करीन."

"आणि फोटो?"

"तो माझ्याकडेच राहील."

तुमचा आवाज एक्स्चेंजमधला होता, 'नंबर प्लीज'वाला. चेहऱ्यावरून काही कळेना. मला विचारायचं होतं, अक्का, काय झालं? आईचं पटलं का? रागावलात का? पण आपण विचारलं आणि तुमचं मन फिरलं तर, या भीतीने मी गप्प बसलो. तुम्ही उघडं पुस्तक मिटावं तसा तो विषय मिटलात. जाताना दारात वळून म्हणालात, "आणि ती सर्दी आधी बरी करा."

लग्नानंतर तुम्ही मला 'अहो'वरून 'अरे'वर आणलंत. आई सुरुवातीला तुमच्यापुढे जपून बोलायची, नंतर तुम्ही दोघी एकमेकींना लोणच्याच्या बरण्या पाठवायला लागलात. एका पाडव्याला आईने नवी साडी आणली आणि कुणाला न दाखवता सरळ नेसली. टाक त्यानंतरही गळ्यात होताच. मी काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत कमी.

दर रविवारी तुम्ही यायचात, जेवायचात आणि माझ्याशी भांडायचात. भूत राहावं की जावं, हा वाद आपण सोडवलाच नाही. पुढे केबल आली. मालिकांतली भुतं बघून तुम्ही म्हणालात, "हे एवढं वाजवतात कशाला? भूत काय बँड घेऊन येतं?" नंतरच्या कादंबऱ्यांत भुतांकडे मोटारी आल्या, काळे चष्मे आले, पण दुसरा माणूस होता तसाच राहिला. मी दरवेळी तक्रार करायचो आणि तुम्ही दरवेळी म्हणायचात, "अरे, पण मुलगी मिळते ना त्याला शेवटी? अजून काय हवंय?"

मी मनात म्हणायचो, मला मिळाली ती माझ्या त्या भाषणामुळे. 'भूत खरोखर प्रेम करत असेल तर स्वतःहून जाईल.' इतकी वर्षं मी असंच समजत आलोय, अक्का, की माझं ते वाक्य तुमच्या मनात हळूहळू उतरलं आणि तुम्ही फोटोचा हट्ट सोडलात. चारचौघांत मी हे कधी बोललो नाही. पण दाढी करताना आठवायचं, आणि आरशातला माणूस मला तेवढ्यापुरता देखणा वाटायचा.

शेवटी शेवटी कल्याणच्या हॉस्पिटलात मी तुम्हाला वाचून दाखवायला बसायचो. तुम्हाला चष्मा लावून वाचायचा थकवा यायचा. शेजारच्या खाटेवरची आजी भुताचं नाव निघालं की कानांवर हात ठेवायची आणि मग बोटं हळूच फाकवायची. एका दुपारी मी पान उलटत असताना तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "इतकी वाचली रे. मेलेला माणूस बायकोकडे येतो, प्रेयसीकडे येतो. बहिणीकडे आलेला एकही नाही. या लेखकांना बहिणी नसतात की काय?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तुमच्या त्या दोन खोल्या माझ्या डोळ्यांपुढे होत्या, वीणा निघून गेल्यानंतरच्या. पण मला सुचलं नाही, आणि मी पुढचं पान वाचायला लागलो. तुम्हीही मला थांबवलं नाहीत. उलट तुमच्या ओठांवर थोडंसं हसू होतं, ते कसलं ते मला कळलं नाही. आज वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं: अक्का, त्या दिवशी दार लावून काउंटरपाशी उभ्या राहिलात, तेव्हा मध्ये असं काय घडलं होतं? आता विचारतोय, तर तुम्ही नाही.

हे इथपर्यंत लिहून मी वीणाला वाचून दाखवलं. शोकसभेतल्या संतांनंतर मला तिची परवानगी घेतल्याशिवाय काही छापायला द्यायची हिंमत नव्हती. ती मेथी निवडत होती. माझ्या भाषणाचा भाग आला तेव्हा मी आवाज थोडा वर नेला. तिने मान वर केली नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तुमच्या भाषणाने काहीही झालं नव्हतं."

मी कागद खाली ठेवले.

"आईंकडून परत आलो आणि अक्कांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. फोटोसमोर बसून राहायच्या. मला तिकडे धाडायचंय आणि त्यालाही सोडवत नाही, असं झालेलं. मग एक दिवस त्या ड्यूटीवरून आल्या तेव्हा मी सांगितलं, की आज दुपारी सुधीर आला होता. कॉटवर बसला. म्हणाला, तू जा खुशाल, मी अक्काजवळ राहतो."

"खरंच आला होता?"

वीणाने मेथीची एक जाड काडी बाजूला टाकली. "हे अक्कांनी नाही विचारलं, बघा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोटोकडे बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, 'शेवट जरा घाईत उरकलास, वीणा. पण मला चालेल.'"